दुखणे एकाचे, शुश्रूषा अनेकांची

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या दिवशी आपण कोणा शिकलेल्या पाहुण्या बाईंना भाषणासाठी बोलावतो. यंदा कार्यकारिणीने ठरविले की पाहुण्यांच्या जोडीला मंडळातल्याही एकीने बोलावे. चिठ्ठ्या टाकल्या, आणि चिठ्ठी माझी निघाली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा भाषण म्हणून काही सजवून बोलता येईल असे नाही. जे डोळ्यांनी पाहिले, जाणत्यांना विचारले आणि मुलीकडून वाचून घेतले, तेवढे सांगते. आजच्या आनंदाच्या दिवशी विषय थोडा जड आहे, हे मला कळते. पण ज्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेले नाही आणि पूर्वीही कधी नव्हते, अशी घरे आपल्या गल्लीत किती निघतील ते मोजून पाहा.

जे दुखणे आता मुळातून बरे व्हावयाचे नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे, त्या दुखणेकऱ्याची सेवा कोणी व कशी करावयाची, हा माझा विषय. याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. सरकारी कागदावर उपशामक सेवा असे छापलेले असते. शमविणे म्हणजे निवविणे. कॅन्सर तर आहेच, पण मूत्रपिंडे निकामी झालेला मनुष्य, पक्षाघाताने एक अंग गेलेली सासू, दम्याने बसून रात्र काढणारा सासरा, हे सगळे त्यात येतात. पुष्कळांची समजूत अशी की ही सेवा म्हणजे मरणाची वाट पाहणे. तसे नाही. मूळ रोगावरचा इलाज चालू असतानाही तिची सुरुवात करता येते, आणि जाणते डॉक्टर तशीच करावी असे सांगतात.

अशा सेवेला एकाहून अधिक माणसे लागतात, हे कोणालाही पटते. पण ती माणसे एकमेकांशी बोलली पाहिजेत, हे मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. आपण उन्हाळ्यात बिबडे करतो. एक घाटा हटते, एक थापते, एक वाळलेले सोडविते. घाटा हटणारीने मीठ घातले आणि थापणारीला सांगितले नाही, म्हणजे तीही चिमूटभर घालते, आणि वर्षाचे बिबडे खारट होतात. दोघीही सुगरणी. बिबडे खारट झाले तर ताकाबरोबर खपून जातात. औषधात असे झाले म्हणजे काय होते ते सांगते.

आमच्या थोरल्या जाऊबाईंना छातीत गाठ झाली होती. ती काढली, सुया झाल्या, शेक झाला. दीड वर्षाने तेच दुखणे मणक्यात उतरले, आणि बाहेरगावच्या मोठ्या डॉक्टरांनी आता घरी न्या म्हणून सांगितले. घरी आणल्यावर तीन डॉक्टर झाले. एक हाडांचे, एक पोटाचे आणि एक आमचे नेहमीचे. तिघेही भले, नावे घेण्याचे कारण नाही. हाडांच्या डॉक्टरांनी दुखण्यावर एक गोळी दिली. बाई रात्रभर कण्हतात हे ऐकून नेहमीच्या डॉक्टरांनी दुसरी दिली. पाकिटे निराळी, रंग निराळे, नावे निराळी. नवव्या दिवशी शौचाला काळे झाले. औषधाच्या दुकानातल्या मुलाने दोन्ही पाकिटे शेजारी शेजारी ठेवून त्यांवरची बारीक अक्षरे वाचली व म्हणाला, "काकू, दोन्हींत औषध एकच आहे." दुप्पट औषधाने पोटातून रक्त जात होते. तिन्ही डॉक्टर हुशार, तिघांनी मिळून झालेला हा प्रकार, आणि तो उघडकीस आणला दुकानातल्या मुलाने! तेव्हापासून मी औषध देणाऱ्या दुकानदारालाही दुखणेकऱ्याच्या माणसांत धरते.

यानंतर आम्हांला एक डॉक्टरीणबाई भेटल्या. त्या हेच काम करतात. पहिल्या दिवशी त्यांनी नाडी पाहण्याच्या आधी एक ताट मागविले आणि घरात असतील नसतील तेवढी औषधे त्यात ओतावयास सांगितली. वैद्यांचा काढा, शक्तीची बाटली, जिभाऊंनी सुरतेहून आणविलेली पुडी, सगळे. चौदा जिन्नस निघाले. त्यांतले सहा ठेवले. मग एक शंभर पानी वही आणविली, तिला दोरी बांधली आणि खाटेच्या उशाशी खिळ्याला टांगली. जो कोणी येईल त्याने तारीख, वेळ, काय दिले, काय पाहिले, ते लिहावयाचे. डॉक्टरांनीही याच वहीत, आणि माझ्यासारखीनेही याच वहीत. माझे शुद्धलेखन कसे आहे हे मंडळाच्या चिटणीसबाईंना ठाऊक आहेच. पण डॉक्टरीणबाई आल्या की प्रथम माझे पान वाचीत, मग आपले लिहीत.

दुखते किती, हे लिहावयाचे तर माप हवे. दवाखान्यात शून्यापासून दहापर्यंत विचारतात. जाऊबाईंना ते जमेना. सिस्टरने विचारले, "रुपयातले किती आणे दुखते?" हे लगेच जमले. "आज बारा आणे," "आज पाच आणे." पुढे व्यायाम करून घेणाऱ्या बाईसुद्धा आल्याबरोबर आणे विचारू लागल्या.

त्या सिस्टरविषयी दोन शब्द अधिक बोलते. छातीवरची जखम पुन्हा फुटली होती व तिला वास येई. हा वास ज्यांनी सोसला आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. उदबत्ती लावा, धूप घाला, तो जात नाही. शेजारच्या बाया दारापर्यंत येत आणि पदर नाकाला लावून परत जात. जाऊबाईंना ते दिसे. औषधाने दुखणे कमी होऊनही त्या भिंतीकडे तोंड करून निजत. सिस्टरने डॉक्टरीणबाईंना विचारून मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या कुटून त्यांची बारीक पूड केली व स्वच्छ केलेल्या जखमेवर भुरभुरली. आव झाली की आपण घेतो तीच गोळी. वास येतो तो जखमेत वाढणाऱ्या जंतूंचा, आणि ही पूड त्यांना मारते. आठवड्याच्या आत खोलीत बसवू लागले. संक्रांतीला बाया आत आल्या, खाटेवर बसल्या. जाऊबाई सवाष्ण, त्यांना हळदीकुंकू लावले. त्या दिवशी वहीत मी "तीन आणे" लिहिले आहे. गोळी तर वाढविली नव्हती.

व्यायामाच्या बाईंचीही एक गोष्ट आहे. हात सुजून खांबासारखा झाला होता. त्या बोटांपासून वर पट्टी बांधीत, हळूहळू हात हलवून घेत. त्या दुपारी एक वाजता येत. दुखण्याची गोळी असे सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, सायंकाळी सहा आणि रात्री दहा या वेळांना. म्हणजे त्या येत तेव्हा दहाच्या गोळीचा जोर ओसरलेला असे, आणि हात लावताच जाऊबाई ओरडत. त्यांना वाटे, बाई आळशी आहेत. जाऊबाईंना वाटे, ही बाई कसाबकरणी आहे. सिस्टरने वहीत दोघींच्या वेळा पाहिल्या आणि व्यायाम अकरा वाजता करावयास सांगितला. पट्टी तीच, हात तेच, औषधही तेवढेच.

ती गोळी मॉर्फिनची होती. नाव ऐकताच आमच्या जिभाऊंनी हात वर केले. अफूपासून होते ती, बाईला व्यसन लागेल! ही भीती आपल्या मुलखात जुनी आहे. मजुरीला जाणाऱ्या बाया पूर्वी तान्ह्या पोरांना अफूचा कण देऊन निजवीत, आणि त्यातून कैक पोरे गेली, हे आपल्या आज्यांनी सांगितले आहे. परंतु कॅन्सरच्या वेदनेसाठी डॉक्टरांनी मोजून, वेळेवर, पोटात दिलेल्या गोळीचे व्यसन क्वचितच लागते. पहिले काही दिवस झापड येते, मळमळते, ते कमी होते. बद्धकोष्ठ मात्र कमी होत नाही, म्हणून त्याचे औषध पहिल्या दिवसापासून बरोबर द्यावे लागते. ही बातमी डॉक्टरांना कोण देणार? शौचाचे भांडे जी उचलते तीच. मोठ्या डॉक्टरांसमोर असे बोलावयास आपल्याला लाज वाटते. सिस्टर म्हणाल्या, "ताई, हीच माहिती आम्हांला इतर कोठे मिळत नाही."

आता आणखी एक नवल पाहा. आपल्या धुळ्यावरून जाणारा आग्रा रोड इंदूरकडे जातो, आणि इंदूरच्या पलीकडे मंदसौर-नीमचच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकते. जगातल्या औषधांना ती जाते. तरीही आपल्याकडच्या दुखणेकऱ्याला तिची गोळी मिळेना. १९८५ साली अमली पदार्थांचा कायदा झाला, तो गुन्हेगारांसाठी, पण परवान्यांची अशी गुंतागुंत झाली की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्याचे काम सोपे झाले. ती दुरुस्ती व्हावी म्हणून डॉक्टर, वकील आणि रोग्यांची माणसे कित्येक वर्षे सरकारदरबारी खेटे घालीत होती. त्या गोळीमागेही किती जणांचे हात आहेत ते पाहा.

मुलीने मला एका विलायती बाईंची हकीकत वाचून दाखविली, ती येथे सांगितल्याखेरीज राहवत नाही. सिसिली साँडर्स त्यांचे नाव. १९१८ साली जन्मल्या. महायुद्धात त्या नर्स झाल्या. पाठीच्या दुखण्याने नर्सचे काम झेपेना, म्हणून इस्पितळात रोग्यांच्या घरची अडचण पाहणाऱ्या समाजसेविका झाल्या. तेथे त्यांना पोलंडातून आलेला, जवळचे कोणी नसलेला, कॅन्सरचा एक रोगी भेटला, डेव्हिड टास्मा. १९४८ साली तो गेला. जाताना पाचशे पौंड ठेवून गेला, की तुमच्या घराची एक खिडकी माझी असू द्या. घर तर अजून कोठेच नव्हते! पुढे एका सर्जनने बाईंना सांगितले की, मरणाच्या दारातल्या रोग्याला डॉक्टरच टाकून देतात, तेव्हा तू डॉक्टरच हो. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, १९५७ साली, त्या डॉक्टर झाल्या, आणि १९६७ साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर नावाचे घर उघडले. त्या पोलंडच्या माणसाची खिडकी तेथे आहे.

मला या हकीकतीत खिडकीपेक्षाही दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. या बाई नर्स होत्या, समाजसेविका होत्या आणि डॉक्टरही होत्या. तिघींच्या डोळ्यांनी त्यांनी एकच रोगी पाहिला, म्हणूनच त्यांना कळले की दुखणे फक्त हाडात नसते. शरीर दुखते, मन दुखते, घरची काळजी दुखते, आणि देवाने माझ्याच वाट्याला हे का दिले हा प्रश्न दुखतो. एक दुखले की दुसरे वाढते. त्या याला संपूर्ण वेदना म्हणत. आता साऱ्यांनाच असे तीन जन्म एका जन्मात घेता यावयाचे नाहीत. म्हणून तीन-चार निरनिराळ्या माणसांनी एकत्र बसावयाचे.

याचा अनुभव आम्हांला आला तो असा. माघ महिन्यात जाऊबाईंचे दुखणे पुन्हा बारा आण्यांवर गेले. डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढविली, मग आणखी वाढविली. झापड वाढली, दुखणे हटेना. त्यांच्याबरोबर समाजसेविकाबाई येत. त्या तपासण्याचे काही काम करीत नसत, नुसत्या पायथ्याशी बसून बोलत. आमच्या घरात त्यांना "गप्पांच्या बाई" म्हणत. एके दिवशी जाऊबाई त्यांना आपल्या बोलीत म्हणाल्या, "माले झोप येत नही, माय." आणि मग रडल्या. त्यांचा मुलगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात आहे. आईचे दुखणे किती पुढे गेले आहे हे त्याला सांगू नये, असे घरच्या थोरांनी ठरविले होते, कारण तो नोकरी सोडून धावत येईल. जाऊबाईंनाही खरे सांगू नये, असेही थोरांनीच ठरविले होते, कारण त्या खचतील. इकडे जाऊबाईंना सर्व कळलेले. आम्हांला त्रास नको म्हणून त्या न कळल्याचे दाखवीत. मुलगा दर रविवारी फोन करी, "आई, कशी आहेस?" "बरी आहे." एका घरात आम्ही सर्वजण एकमेकांपासून तीच गोष्ट लपवीत होतो.

ही गाठ गोळीने कशी सुटावी? डॉक्टरीणबाई, सिस्टर आणि समाजसेविकाबाई आमच्या ओटीवर बसल्या. चहा झाला. तिघींचे एकमत नव्हते, हे मी कानांनी ऐकले. सिस्टरचे म्हणणे, आजच सर्व सांगून टाकावे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांना किती ऐकावयाचे आहे ते प्रथम त्यांनाच विचारावे. समाजसेविकाबाईंनी विचारले, जिभाऊंना कोणी तयार केले आहे का? नर्सने डॉक्टरला "मला हे पटत नाही" असे सरळ म्हटलेले मी जन्मात प्रथमच पाहिले. डॉक्टरीणबाईंना त्याचा राग आला नाही, हेही पाहिले. आपल्याकडे दवाखान्यात सर्वांत अधिक वेळ रोग्याजवळ असते ती आया, आणि सर्वांत कमी विचारले जाते तिलाच. असो.

शेवटी ठरले ते असे. समाजसेविकाबाई जिभाऊंशी बोलल्या. त्यांना पटावयास दोन दिवस लागले. मग डॉक्टरीणबाईंनी जाऊबाईंजवळ बसून विचारले, "तुमच्या दुखण्याविषयी तुम्हांला काय वाटते?" जाऊबाईंनीच सारे सांगितले, सांगावयाचे असे काही उरलेच नाही. डॉक्टर निघाल्यावर सिस्टर तासभर तेथेच थांबल्या. असे काही ऐकल्यावर माणसाला प्रश्न सुचतात ते डॉक्टर निघून गेल्यावर, हे त्यांना ठाऊक होते. मुलाला फोन समाजसेविकाबाईंनी केला. तो पाच दिवसांची रजा घेऊन आला. आईच्या पायांना तेल चोळीत बसे. त्या आठवड्यात गोळी वाढली नाही, उलट एक पायरी उतरविता आली. जाऊबाई चैत्रात गेल्या. घरीच गेल्या. मुलगा जवळ होता.

आपण म्हणाल, अशा डॉक्टरीणबाई सर्वांनाच कोठे भेटतात? रास्त आहे. पण अशी सोय आपल्या महाराष्ट्रात मुळीच नाही असे नाही. परळच्या टाटा हॉस्पिटलची वाट खानदेशाला नवी नाही. दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत मुक्काम करून तेथे उपचार घेतलेली माणसे आपल्या पंचक्रोशीत आहेत. ते इस्पितळ १९४१ साली निघाले. आज तेथे वेदना शमविण्याच्या कामाचा स्वतंत्र विभाग आहे, २०१२ पासून या विषयाचे एम. डी. चे शिक्षण तेथे मिळते, आणि रोगी मुंबईत असेल तर त्या विभागाची माणसे घरीही जातात. त्याच टाटा हॉस्पिटलमधले एक सर्जन, डॉ. एल. जे. डिसोझा, यांनी १९८६ साली बांद्र्याला माउंट मेरीच्या टेकडीवर शांती आवेदना नावाचे घर काढले. भारतातले अशा तऱ्हेचे ते पहिले घर. सर्जन म्हणजे कापून बरे करणारा. त्याला कापून बरे न होणाऱ्यांची आठवण राहिली, याचे मला विशेष वाटते. तेथे शुश्रूषा ख्रिस्ती सिस्टर करतात, आणि रोग्याची जात, धर्म विचारीत नाहीत.

पुण्याला वारजे येथे १९९७ पासून सिप्ला कंपनीच्या लोकांनी चालविलेले केंद्र आहे. तेथे रोग्याकडून पैसे घेत नाहीत. डॉक्टर, नर्स, समाजसेवक, व्यायाम करून घेणारे, सर्व एका छपराखाली. मला त्यांतले आवडले ते हे की, सोबत आलेल्या घरच्या माणसाला ते शिकवतात. कूस कशी बदलावी, तोंड कसे स्वच्छ ठेवावे, नळीतून पातळ कसे घालावे. रोगी मग घरी परततो तो शिकलेल्या माणसाबरोबर. यांत मोठी अक्कल आहे. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतील, सिस्टर दोनदा. उरलेल्या वेळी कोण असते? सून, मुलगी, बायको, जाऊ. त्या बाईला काही न शिकविता, काही न विचारता, नुसती "काळजी घ्या" म्हणून पाठविली, तर ती चांगली सेवा झाली असे मी तरी म्हणणार नाही.

आणि त्या बाईची काळजी कोणी घ्यावयाची? येथे मला केरळची गोष्ट सांगावयाची आहे, कारण ती आपल्यासारख्या मंडळांची आहे. कोळिकोडला, म्हणजे पूर्वीच्या कालिकतला, १९९३ साली डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार व त्यांचे सोबती यांनी वेदना शमविण्यासाठी एक संस्था काढली. दवाखान्यात गर्दी होऊ लागली, पण ज्यांना उठताच येत नाही ते येणार कसे? म्हणून काम गावांत नेले. मलप्पुरम जिल्ह्यात गावोगावचे शिक्षक, विद्यार्थी, दुकानदार आणि गृहिणी यांना शिकवून तयार केले. नर्स गाडीतून घरोघर जाते, बरोबर त्याच गावची दोन माणसे असतात. कोणाच्या घरात धान्य संपले आहे, कोणाच्या मुलांची शाळेची फी राहिली आहे, हे त्या दोन माणसांना ठाऊक असते, नर्सला नसते. पैसाही गावच थोडा थोडा गोळा करते. २००८ साली केरळ सरकारने यासाठी धोरणच ठरविले, आणि आता तेथे पंचायतींच्या नर्सा घरोघर जातात. म्हणजे लोकांनी आधी केले, सरकार मागून आले.

आपल्याकडे कागद आधी आला आहे. २०१८ पासून उपकेंद्रांना जे नवे रूप देऊ लागले, ज्यांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, त्यांच्या कामांच्या यादीत ही उपशामक सेवाही लिहिलेली आहे. आशाताईंनी घरी जाऊन अंथरुणावरच्या माणसांची विचारपूस करावी, असेही त्यात आहे. आपापल्या वस्तीच्या आशाताईंना याविषयी विचारा. त्यांच्यावर पन्नास कामांचा बोजा आहे हे मी जाणते, म्हणून विचारताना घरातल्या दुखणेकऱ्याचे नाव, दुखणे आणि औषधे एका कागदावर लिहून त्यांच्या हाती द्या. तोंडी सांगितलेले त्यांच्याही लक्षात राहावयाचे नाही.

डॉक्टरांचे काम आपण करावयाचे नाही. गोळी सांगावयाची नाही, "माझ्या मामेसासूला अमक्या पाल्याने गुण आला" हे तर मुळीच सांगावयाचे नाही. दुखणेकऱ्याच्या घरी जाणाऱ्या बायांनी जितके इलाज सुचविले असतील तितक्या पोळ्या लाटून दिल्या असत्या, तर घरच्या बाईला दोन घटका पडता आले असते. मला स्वतःला त्या महिन्यांत सर्वांत मोठे वाटलेले दान म्हणजे आपल्या मंडळातल्या एका बाईने मंगळवारी दुपारी दोन तास येऊन बसणे. त्या येत, स्वेटर विणीत बसत, जाऊबाईंना पाणी पाजीत. मी डोक्यावरून न्हाई आणि झोपे. त्यांच्या येण्याची वेळसुद्धा सिस्टरने वहीत लिहून ठेवली होती, डॉक्टरांच्या वेळेच्या खाली.

तेव्हा कार्यकारिणीपुढे मी तीन गोष्टी ठेवल्या आहेत, आणि त्या आज आपल्यापुढेही ठेवते. आपल्या गल्लीत व मागच्या वाड्यांत आजमितीला अशी पाच घरे आहेत. प्रत्येक घरी आठवड्यातून दोन दुपारी मंडळाची एक बाई बसावी, पाळी लावून. दुसरे, प्रत्येक घरी एक शंभर पानी वही मंडळातर्फे द्यावी. किंमत फारशी नाही. पहिल्या पानावर डॉक्टर, नर्स, औषधाचे दुकान आणि आशाताई यांचे फोन मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे, म्हणजे रात्री चष्मा शोधावा लागणार नाही. तिसरे, जाऊबाईंसाठी घेतलेली हवेची गादी आणि शौचाची खुर्ची मी मंडळाला दिली आहे. ज्यांना लागेल त्यांनी न्यावी, काम झाल्यावर धुऊन, उन्हात वाळवून परत करावी. भाडे नाही.

पाळीसाठी ज्यांना नाव द्यावयाचे असेल त्यांनी अल्पोपाहारानंतर माझ्याकडे द्यावे. वार कोणता सोयीचा तेही सांगावे. सोमवारी भजन असते, तो धरू नये. हवेच्या गादीचा पंप सध्या बिघडला आहे. तो दुरुस्तीला टाकला असून येत्या गुरुवारी मिळेल. तोवर गादी कोणी नेऊ नये.